पणजीच्या गालावरची घडी

गेल्या गणपतीपासून एक मेसेज फिरतोय. जुन्या फोटोत माणसांच्या मागे धूसर आकृती दिसली तर तो घरातला अतृप्त आत्मा समजावा, असं त्यात म्हटलंय. कारणं चार दिली आहेत. त्या काळी कॉम्प्युटर नव्हता, म्हणजे फोटोत फेरफार शक्यच नव्हता. काचेची निगेटिव्ह खोटं बोलत नाही. अमेरिकेत 1869 साली असे फोटो काढणाऱ्याला कोर्टानेच सोडून दिलं. आणि घरच्यांनी तो चेहरा ओळखलेला असतो. शेवटी सल्ला: असा फोटो घरात ठेवू नये, पाण्यात सोडावा.

हे वाचून गिरगावातल्या माझ्या मावशीने भिंतीवरचा ग्रुप फोटो उतरवला आणि मला फोन केला. "अगं, तू येतेस का? चौपाटीवर जाऊन सोडून येऊ. मला एकटीला हात लावायची भीती वाटते." त्या फोटोत पणजोबा खुर्चीत बसलेत, बाजूला चार मुलं आणि त्यांच्या खांद्यामागे पणजी. पणजी 1918च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. तेव्हा तान्हा असलेला धाकटा मुलगा या फोटोत आपल्या पायांवर उभा आहे, म्हणजे फोटो नक्की नंतरचा. पणजीचे आमच्याकडे दोनच फोटो आहेत आणि त्यातला एक आम्ही समुद्रात टाकायला निघालो होतो. जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हा मेसेज नुसता पुसून टाकणं मला जमलं नाही.

कॉम्प्युटर नव्हता हे खरं. पण फोटोतली करामत जवळजवळ फोटोइतकीच जुनी आहे. एक्स्पोजर, म्हणजे काचेच्या प्लेटवर प्रकाश पडू देणं, लांबलचक असायचं त्या काळात एखाद्याला मध्येच बाजूला व्हायला सांगितलं की तो पारदर्शक उमटतो, ही युक्ती डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने 1856 सालीच लिहून ठेवली होती, तीही करमणूक म्हणून. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती 1854 साली, म्हणजे आपलं शहर या कलेत मागे नव्हतं. आणि दादासाहेब फाळक्यांना कसं विसरता येईल? ते आधी फोटोग्राफर होते, जादूचे प्रयोगही करायचे. दादरच्या घरी राहून त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला, तो 3 मे 1913 रोजी गिरगावातच, कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. मावशीच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याने ते देव प्रकट करत, गुप्त करत. त्या मानाने एका प्लेटवर दोनदा एक्स्पोजर देणं हे फार साधं काम.

निगेटिव्हचं म्हणणं मात्र नीट उलगडायला हवं, कारण इथे शहाणी माणसंही फसतात. काचेची प्लेट अखंड आहे, कुठे खाडाखोड नाही, म्हणजे फोटो खरा असं वाटतं. पण डबल एक्स्पोजर प्लेटवरच होतं, त्याला खाडाखोड लागत नाही. आधी कुटुंबाला गडद पडद्यापुढे बसवायचं, मागे जागा मोकळी सोडायची. मग मयत माणसाचा जुना फोटो काळ्या कागदाने भोवताली झाकून त्याच प्लेटवर घ्यायचा. कधी कधी तर कुणाचा काही हेतूही नसायचा: काच धुऊन पुन्हा वापरायचे आणि नीट धुतली गेली नाही की आधीचं माणूस पुसट राहून जायचं. लहान मूल हललं तरी त्याचं भूत होतं.

दोनदा पडलेला प्रकाश ओळखू येतो. दुसऱ्या वेळचा प्रकाश पहिल्यात फक्त भर घालतो. तो चित्र उजळ करू शकतो, काळं करू शकत नाही. मावशीच्या फोटोवर भिंग धरलं तर पणजीच्या केसांचा रंग हा पडद्याचाच रंग आहे, केसांतून पडद्याची चूण सरळ खाली उतरते. तिचा पदर पणजोबांच्या काळ्या कोटावर स्पष्ट दिसतो. ती मागे उभी असती तर पदर कोटाआड जायला हवा होता. उपरण्यावर आला की तो विरघळून जातो, कारण पांढऱ्यावर आणखी पांढरं काय उमटणार? मुलांच्या नाकाची सावली उजवीकडे पडलीय, पणजीच्या नाकाची डावीकडे.

मग मी मावशीला ट्रंकेतला दुसरा फोटो काढायला लावला. पत्त्याच्या पानाएवढा, पणजी एकटी. मान तशीच किंचित कललेली, नथीवर प्रकाशाचा ठिपका त्याच जागी. त्या फोटोला कधीतरी घडी पडली होती, ती कानापासून हनुवटीपर्यंत तिरपी जाते. ग्रुप फोटोतल्या पणजीच्या गालावरही तीच तिरपी रेघ आहे, केसाइतकी बारीक. घडी कागदाला पडते, आत्म्याला नाही.

कोर्टाची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. तो फोटोग्राफर विल्यम मम्लर. 1869 साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. तो सुटला हे खरं, पण त्याने नेमकी कोणती युक्ती वापरली हे सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही म्हणून. फसवणूक झाली याची नैतिकदृष्ट्या खात्री असल्याचं न्यायाधीशांनी स्वतः म्हटलं होतं. भुतं खरी असल्याचा निकाल कुणी दिला नाही.

आणि चेहरा ओळखणं? पॅरिसच्या एदुआर ब्युगे याने 1875 साली कोर्टात कबुलीच दिली की बाहुल्या आणि तयार मुंडकी वापरून आपण हे फोटो काढले. ती मुंडकी पोलिसांनी जप्त केली होती. तरीही गिऱ्हाइकं साक्ष देत राहिली की नाही, हा आमचाच माणूस. माणूस गेल्यावर डोळे त्याला शोधत असतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. आमच्याकडे तर ओळखण्यात चूकच नव्हती. पणजी ओळखू आली कारण ती पणजीच आहे, तिच्याच फोटोतून घेतलेली.

पण म्हणून तो स्टुडिओवाला लबाड ठरत नाही. फोटोच्या पुठ्ठ्यामागे पेन्सिलीने दोन ओळी आहेत, मोडी लिपीत, त्यामुळे घरात कुणाला वाचता येत नव्हत्या. ओळखीच्या एका सरांकडून वाचून घेतल्या: "बाईंचा चेहरा लहान फोटोवरून. यजमानांच्या मागे घेणे." म्हणजे पणजोबांनी सांगून करून घेतलेलं काम होतं ते. चार लेकरांसोबत त्यांची आई एका चौकटीत हवी होती. त्या काळी स्टुडिओतून अशी कामं होत आणि त्यात लपवाछपवी नव्हती. लपवलं ते या मेसेजने, आणि एका म्हाताऱ्या बाईला तिच्याच आजीची भीती घातली.

फोटो आता पुन्हा मावशीच्या भिंतीवर आहे, पावसाळ्यात ओल येते ती भिंत सोडून दुसऱ्या बाजूला. मेसेज आमच्या ज्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला होता तिथेच मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी टाकलेत. गालाजवळ मोठं करून बघा, घडी दिसते.