परदेशी पार्सल आणि पूर्वतयारीचे फाजील लाड

परदेशात पार्सले पाठवणाऱ्या व्यावसायिकाला हल्ली जो भेटेल तो एकच उपदेश करतो : कस्टम्सचे नियम बदलत आहेत, वेळीच तयारीला लागा. उपदेश करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र अशी तयारी केली की पार्सल निमूटपणे पोहोचते, ग्राहक ते निमूटपणे स्वीकारतो आणि आपण काही व्यवसाय करतो आहोत याची जगात कोणालाही खबर लागत नाही, ही गोष्ट हे हितचिंतक सोयीस्करपणे लपवून ठेवतात. आपले नाव दूरदेशीच्या कस्टम्स गोदामात, कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात आणि ग्राहकांच्या संतप्त पत्रव्यवहारात दीर्घकाळ गाजत राहावे, अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी पुढील मार्गाने जावे.

आरंभ सूचना न वाचण्यापासून करावा. टपाल खाते, कुरिअर कंपनी आणि शिपिंगचे सॉफ्टवेअर पुरवणारी मंडळी ‘महत्त्वाचे बदल’ अशा मथळ्याचे ईमेल पाठवत असतात. ते वाचल्याने मनःशांती ढळते आणि हाती काही लागत नाही, हे अमेरिकेने सोदाहरण सिद्ध केले आहे. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना तेथे २०१६ पासून शुल्कमाफी होती. ती १ जुलै २०२७ पासून रद्द करणारा कायदा जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात झाला, तेव्हा बातम्या वाचणाऱ्या सावध लोकांनी हाताशी जवळजवळ दोन वर्षे आहेत असा हिशेब मांडला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला निघालेल्या आदेशाने तीच माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित केली आणि दोन वर्षांचा महिना झाला. ज्यांनी मुळात काहीच वाचले नव्हते, त्यांच्या हिशेबाला यत्किंचितही धक्का लागला नाही. चीन आणि हाँगकाँगहून येणाऱ्या मालाची माफी त्याआधीच, २ मे रोजी, काढून घेण्यात आली होती. पण आपला माल तेथला नसल्याने त्या घटनेचा आपल्याशी काय संबंध, असे म्हणून शांत राहिलेल्यांना तर मे ते ऑगस्ट असे चार महिने सुखाची झोप मिळाली.

याच प्रसंगातून घ्यायचा दुसरा धडा म्हणजे एकाच वाहतूकदारावर अढळ निष्ठा ठेवणे. नव्या व्यवस्थेत टपालाने येणाऱ्या मालावरचे शुल्क आधीच गोळा करून अमेरिकी कस्टम्सकडे भरण्याची जबाबदारी वाहतूकदारावर किंवा मान्यताप्राप्त मध्यस्थावर आली. ती पार पाडण्याची यंत्रणा अनेक टपाल खात्यांपाशी नसल्यामुळे त्यांनी पार्सले घेणेच बंद केले. जागतिक टपाल संघाने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार ८८ टपाल संस्थांनी आपली अमेरिकेची सेवा पूर्णतः किंवा अंशतः थांबवली आणि २९ ऑगस्टला तिकडे जाणारे टपाल आठवड्यापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटले. ज्यांनी दुसऱ्या एखाद्या वाहतूकदाराकडे खाते उघडून, दर ठरवून आणि दोनचार पार्सले पाठवून पाहून ठेवली होती, त्यांना त्या आठवड्यातही काम करावे लागले. बाकीच्यांना अनपेक्षित सुट्टी लाभली. (ती भरपगारी नव्हती, ही तक्रार क्षुल्लक आहे.)

आता मुख्य कलेकडे, म्हणजे कस्टम्सचा फॉर्म भरण्याकडे वळू. या फॉर्मवर वस्तूचे वर्णन मागितलेले असते आणि नवशिके लोक तेथे ‘पुरुषांचा सुती शर्ट, विणलेला’ असे काहीतरी लिहून सगळे गुपित फोडून टाकतात. अनुभवी माणसाने ‘भेटवस्तू’ लिहावे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला भेट म्हणण्यात विक्रेत्याच्या मनाचा मोठेपणा दिसतो, आणि त्याच पाकिटात किमतीचे बिलही ठेवले असेल तर त्या मोठेपणाला पुराव्याची जोड मिळते. युरोपीय संघात भेटीवरची सवलत ४५ युरोपर्यंतच आहे आणि ती एका खासगी व्यक्तीने दुसऱ्या खासगी व्यक्तीला विनामोबदला पाठवलेल्या वस्तूंपुरतीच मर्यादित आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर देऊ नये, ते काम ग्राहकाला करू द्यावे. ‘भेटवस्तू’ फारच घासून गुळगुळीत झाले असे वाटल्यास ‘सुटे भाग’, ‘नमुना’ किंवा ‘इतर माल’ हे पर्याय आहेत. युरोपीय संघाने आयसीएस-२ या पूर्वसूचना प्रणालीसाठी अशा न चालणाऱ्या मोघम शब्दांची यादीच प्रसिद्ध केली आहे. काय लिहावे हे शोधायला माणसाला वर्षे लागतात. पार्सल हमखास कशाने अडेल याची अधिकृत यादी मात्र फुकट मिळते, तिचा लाभ घ्यावा.

या प्रणालीने आपल्या कामात केवढी सुधारणा केली आहे, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी फॉर्ममधली चूक उघडकीस यायला पार्सल परदेशात पोहोचावे लागत असे. मार्च २०२१ पासून टपाल आणि एक्स्प्रेस पार्सलांची माहिती माल विमानात चढण्याआधीच इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पाठवावी लागू लागली आणि मार्च २०२३ पासून त्या माहितीत सहा अंकी एचएस कोडही, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांकही, आला. परिणामी आता पार्सल आपल्याच देशात अडते. विमानभाड्यात होणारी ही बचत कोणी मोजलेली नाही.

एचएस कोडबद्दल थोडे सविस्तर बोलणे भाग आहे, कारण येथे प्रतिभेला सर्वाधिक वाव आहे. जागतिक कस्टम्स संघटनेने तयार केलेली ही वर्गीकरणपद्धती १९८८ पासून लागू आहे, दोनशेहून अधिक देश आणि प्रदेश ती वापरतात, आणि तिच्यात सहा अंकी पातळीवर पाच हजारांहून अधिक प्रकार आहेत. इतक्या प्रकारांतून आपल्या वस्तूचा अचूक प्रकार शोधायचा, त्यासाठी ती कशाची बनली आहे, कशासाठी वापरतात, शर्ट असेल तर कापड हातमागासारखे विणलेले की स्वेटरसारखे गुंफलेले, हे सगळे तपासायचे आणि ते उत्पादनांच्या यादीत एकदाच नोंदवून ठेवायचे, हे काम कंटाळवाणे आहे. त्याऐवजी एखाद्या स्पर्धकाच्या पार्सलावर दिसलेला कोड उचलावा आणि तो सर्व वस्तूंना लावावा. स्पर्धकाने तो कोठून उचलला, हे विचारू नये; व्यवसायात परस्परविश्वास महत्त्वाचा असतो. दुसरी रीत म्हणजे आधी शुल्काचे दर पाहायचे आणि सर्वांत कमी दराच्या प्रकारात आपली वस्तू बसवायची. सिरॅमिकच्या कपाला शैक्षणिक साहित्य ठरवणे सुरुवातीला जड जाते, पण सरावाने जमते. या पद्धतीची आवृत्ती साधारणतः दर पाच-सहा वर्षांनी बदलते. सध्याची २०२२ ची आहे आणि पुढची १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे. तेव्हा जुना कोड कायम ठेवावा. काही कोड रद्द होतील, काही दुभंगतील, पण सातत्य हाही एक गुण आहे.

मूळ देश हा रकाना तुलनेने सोपा आहे : वस्तू जेथे पाकिटात भरली तेथील नाव लिहावे. ती प्रत्यक्ष कोठे तयार झाली याला महत्त्व देणारे लोक कस्टम्समध्ये अजून आहेत, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने देशागणिक वेगवेगळे दर लावल्यापासून तर त्यांची संख्या वाढल्यासारखी वाटते. त्यांच्यासाठी पुरवठादाराकडून लेखी प्रमाणपत्रे घेऊन ठेवण्याची काही जणांना हौस असते. आपण ती मागावी, पण पार्सल अडकल्यानंतर. तोवर पुरवठादारही आपल्याला विसरलेला असतो आणि पत्रव्यवहाराला नव्या ओळखीचा ताजेपणा येतो.

किंमत मात्र नेहमी कमी लिहावी. शंभर डॉलरची वस्तू दहा डॉलरची आहे असे जाहीर केल्याने तिच्यावरचे शुल्क कमी होते, एवढेच सामान्य माणसाला दिसते. या औदार्याची फळे नंतर मिळतात. पार्सल वाटेत हरवले की विमा कंपनी आपण स्वतःच सहीनिशी लिहून दिलेली दहा डॉलरची किंमत समोर ठेवते, आणि आपलीच सही आपण खोटी ठरवू शकत नाही. कस्टम्सचा अधिकारी आपल्याच संकेतस्थळावर जाऊन तीच वस्तू शोधतो, तेव्हा त्याला तेथे शंभरचा आकडा, सुंदर छायाचित्रे आणि ‘लवकरच संपणार’ अशी सूचनाही दिसते. एवढ्या जिव्हाळ्याने आपले दुकान पाहणारा माणूस सहसा मिळत नाही. कस्टम्स मूल्यांकनाच्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार मूल्य म्हणजे प्रामुख्याने वस्तूसाठी प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यावयाची रक्कम, हे तत्त्व त्याला पाठ असते. युरोपीय संघात तर मूल्यात सीमेपर्यंतचे भाडे आणि विमाही मिळवतात, अमेरिकेत ते मिळवत नाहीत. हा फरक ध्यानात ठेवण्यापेक्षा दोन्हीकडे दहा डॉलर लिहिणे नक्कीच सुटसुटीत आहे.

एवढे सगळे करूनही पार्सल ग्राहकापर्यंत पोहोचले, तर निराश होऊ नये. खरी करामत अजून बाकी असते. शुल्क आणि कर विक्रेत्याने आधी भरायचे, त्याला डीडीपी म्हणतात. ते ग्राहकाने माल येईल तेव्हा भरायचे, त्याला डीएपी म्हणतात. आपण दुसरा मार्ग घ्यावा आणि संकेतस्थळावर त्याचा उल्लेख करू नये. ‘यावर आणखी काही खर्च येऊ शकतो’ हे वाक्य फारच लिहावेसे वाटले, तर अटी-शर्तींच्या पानावर, परताव्याच्या नियमांखाली आणि न्यायालयीन अधिकारक्षेत्राच्या कलमाच्या वर ठेवावे. ग्राहकाने पैसे भरले आहेत, आठवडाभर वाट पाहिली आहे, आणि आता कुरिअरचा माणूस दारात उभा राहून शुल्क, त्यावरचा कर आणि हे दोन्ही कंपनीने आधी भरल्याबद्दलचे हाताळणी शुल्क मागतो आहे, हा क्षण आपण घडवलेला असतो. काही ग्राहक पैसे भरतात आणि पुन्हा कधीही येत नाहीत. काही पार्सल नाकारतात. मग ते परत आणण्याचे भाडे आपण द्यायचे, आणि आपल्याच वस्तूची ती आयात समजली जाऊ नये म्हणून आपल्याच कस्टम्सला ती आपलीच असल्याचे पटवायचे. निर्यातीची कागदपत्रे जपून न ठेवल्यास हा संवाद बराच लांबवता येतो. वस्तू स्वस्त असेल तर ती तेथेच नष्ट करायला सांगणे परवडते, आणि त्याचेही शुल्क असू शकते.

युरोपच्या बाबतीत आणखी एक बारकावा साधता येतो. तेथील २२ युरोपर्यंतची मूल्यवर्धित कराची माफी १ जुलै २०२१ रोजी संपली आणि १५० युरोपर्यंतच्या मालासाठी आयओएसएस नावाची सोय आली : विक्रेत्याने खरेदीच्या वेळीच कर घ्यायचा, दरमहा भरायचा आणि आपला नोंदणी क्रमांक पार्सलाच्या इलेक्ट्रॉनिक माहितीसोबत पाठवायचा. आपण नोंदणी अवश्य करावी, ग्राहकाकडून कर अवश्य घ्यावा आणि क्रमांक पाठवायला विसरावे. मग सीमेवर त्याच वस्तूचा कर ग्राहकाकडून पुन्हा घेतला जातो. एका शर्टावर दोनदा कर भरणारा नागरिक कोणत्याही राज्यव्यवस्थेचा आधारस्तंभ असतो. असे स्तंभ उभे करण्याचे श्रेय आपले. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या आणि ऑस्ट्रेलियात १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावरही विक्रीच्या वेळीच कर घेण्याची पद्धत आहे. प्रत्येक ठिकाणची मर्यादा, चलन आणि नोंदणीचे निकष वेगळे आहेत, म्हणून सगळ्यांसाठी एकच आकडा धरून चालणे श्रेयस्कर. कोणता, ते चिठ्ठी टाकून ठरवावे.

कार्यालयाची घडी कशी असावी, याबद्दल फार सांगायला नको. कस्टम्सची सगळी माहिती एकाच कर्मचाऱ्याच्या डोक्यात असू द्यावी, ती कोठेही लिहून ठेवू नये आणि त्याची दीर्घ रजा मंदीच्या हंगामात नव्हे तर विक्रीच्या हंगामात मंजूर करावी. ज्या देशांत आपला माल सर्वाधिक जातो त्यांची यादी करून प्रत्येकाचे नियम महिन्यातून एकदा तपासणे, बदल लागू होण्यापूर्वी एखाद्या वस्तूचा दारापर्यंतचा पूर्ण खर्च काढून पाहणे, अशा सवयी त्याला लागल्या असतील तर त्याची बदली पॅकिंगमध्ये करावी.

युरोपीय संघाच्या सदस्य देशांनी डिसेंबर २०२५ मध्ये घेतलेला निर्णय आपल्या पद्धतीची खरी कसोटी पाहणारा आहे. १५० युरोपेक्षा कमी किमतीच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी जायची आहे आणि अंतरिम सोय म्हणून १ जुलै २०२६ पासून त्यांतील वस्तूंवर प्रत्येकी ३ युरो सरसकट शुल्क लावण्याचे त्यांनी ठरवले. हे ३ युरो पार्सलामागे नाहीत. आतल्या वस्तू जितक्या वेगवेगळ्या कोडांत मोडतात तितक्या वेळा ते मोजायचे आहेत. म्हणजे शर्ट, कप आणि वही एकाच पाकिटात पाठवणाऱ्या प्रामाणिक विक्रेत्याला ९ युरो पडणार, आणि स्पर्धकाच्या पार्सलावरून उचललेला एकच कोड तिन्ही वस्तूंना लावणाऱ्याचे काम ३ युरोंत भागणार. या संपूर्ण लेखात सुचवलेल्या मार्गाचा रोख रकमेत मांडता येण्याजोगा हा एकमेव लाभ आहे, आणि पहिले पार्सल उघडून पाहिले जाईपर्यंत तो निर्विवाद आपलाच राहतो.