"पैसे उकळायला दोनदा रक्त काढलं" या अभिप्रायावर लॅबकडून उत्तर

नमस्कार ताई. थायरॉइडच्या तपासणीसाठी उन्हातान्हात अक्कलकोटहून सोलापूरला एसटीने दोनदा यावं लागलं, आणि काउंटरवर चारचौघांत गोळ्यांची चौकशी झाली, त्याबद्दल मनापासून माफी. पण "पैसे उकळायला" हे लागलं. दुसऱ्या नमुन्याचा एक रुपयाही घेतलेला नाही. पावतीवर शून्य आहे, बघा.

आमवाताचं आणि केसांच्या गोळ्यांचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून तेवढंच बोलतो. तुमचे आकडे इथे टाकणार नाही. आमवाताच्या पेशंटमध्ये थायरॉइडचा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो. केस मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या औषधानेही गळतात, थायरॉइडनेही. मग कुणीतरी बायोटिन, म्हणजे केसांसाठीचं जीवनसत्त्व, सुचवतं. डबीवर 10,000 मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे 10 मिलिग्रॅम; रोजची गरज 30-40 मायक्रोग्रॅमची.

आमच्या मशीनमध्ये चाचणीचे कण धरून ठेवायला बायोटिनचाच दुवा वापरलेला असतो. गोळीतलं बायोटिन रक्तात जास्त असलं की ते आधीच जागा अडवून बसतं. मग टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक) खोटं कमी येतं आणि फ्री टी-4 (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटं जास्त. कागदावर थायरॉइडचं काम वाढलेलं दिसतं आणि थायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉइडच्या गोळीचा, डोस विनाकारण कमी होतो. दुसऱ्या लॅबमध्ये वेगळा आकडा आला म्हणता, पण तिथली पद्धत बायोटिनवर चालत नसेल तर तिथे आकडा बरोबर येणारच, त्यात आमची चोरी काय? (आरए फॅक्टर, म्हणजे आमवातात रक्तात सापडणारं एक प्रथिन, जास्त असला तर कधी उलटंही होतं, टीएसएच खोटं वाढतं. तेव्हा नमुना पातळ करून पुन्हा लावतो. आकडा त्या प्रमाणात उतरला नाही तर शंका येते.)

म्हणून पहिला रिपोर्ट सही न करता थांबवला, बायोटिनची गोळी दोन दिवस बंद ठेवून यायला सांगितलं. मेथोट्रेक्सेट बंद करायला सांगितलं नव्हतं, थायरॉक्सिन फक्त त्या सकाळी रक्त दिल्यावर घ्यायची होती. फॉर्मवर "इतर औषधे" समोर तुम्ही रेघ मारली होती, हेही सांगावंसं वाटतं. केसांच्या गोळीला औषध कोण समजतं म्हणा.

फॉर्मवर बायोटिनचा रकाना वाढवतोय, काउंटरवरच्या बोलण्याचंही बघतो. एका स्टारवर लोक लॅब ठरवतात, ताई. पावती बघून निदान पैशाचं वाक्य तरी काढा.