हिवाळ्यात फुललेली चेरी बिथरलेली नसते

डिसेंबरात फुललेल्या चेरीचे फोटो फिरताहेत आणि सोबत सल्ला: ‘हवामान बदलामुळे झाड बिथरलंय, फुलं खुडून टाका, नाहीतर वसंतात बहर येणार नाही.’ कृपा करून तसं करू नका.

‘ऑटम्नॅलिस’ या हिवाळी चेरीचा तो स्वभावच आहे. उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांत पानं गळाली की साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ती टप्प्याटप्प्याने फुलते. जरा ऊब मिळाली की काही कळ्या उमलतात, कडाका वाढला की बाकीच्या थांबून राहतात. हिमकडाक्यात उमललेली फुलं तपकिरी पडतात. बंद कळ्या मात्र बहुधा तगतात आणि पुढे फुलतात. फुलं खुडली तर नुकसान मधमाश्यांचंच. पारा 10 अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की त्या बाहेर पडतात, आणि तेव्हा बागेत त्यांच्यासाठी फारच थोडं असतं.

‘जास्त पाकळ्यांची चेरी कीटकांच्या उपयोगाची नाही’ हा दुसरा दावा अर्धाच खरा. ‘कांझान’सारख्या चेरीच्या जातीच्या गच्च फुलात बऱ्याच पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, तिथे परागकण नावापुरते. ऑटम्नॅलिसचं जास्त पाकळ्यांचं फूल मात्र जवळून पाहा: फिकट गुलाबी पाकळ्यांच्या मधोमध पुंकेसरांचा झुबका उघडा दिसतो. मधमाशी थेट तिथेच उतरते.

तरी एकट्या चेरीवर भिस्त नको. कडाक्याच्या आठवड्यात तिच्यावर एकही ताजं फूल नसू शकतं. शेजारी हेलेबोर आणि हिवाळी हनीसकल ही थंडीत फुलणारी रोपं लावा, आणि फुललेल्या झाडावर कीटकनाशक अजिबात फवारू नका.