काय होत नाही म्हणे!

"काय होत नाही ओ, मालक!" हे मिस्त्रीचं वाक्य आता आणखी एकदा ऐकलं ना, तर शिडी त्याच्याच डोक्यात घालीन.

बेळगावात, वडगावातल्या आमच्या घराच्या मागच्या खोल्यांवर, आजोबांनी माग टाकले तेव्हाचे सिमेंटचे पत्रे आहेत. गळायला लागले, म्हटलं मिरगाच्या आधी काढून टाकू. मिस्त्री आला तो हातोडा घेऊनच. फोडायचं, पाडायचं, ट्रॉलीत भरायचं, अर्ध्या दिवसात खलास! मी म्हटलं, बाबा, यात ॲस्बेस्टॉस असतं. फुटलं की त्याचे डोळ्याला न दिसणारे तंतू उडतात, फुफ्फुसात जाऊन बसतात आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी कॅन्सर होऊन वर येतात. तो हसला. "आमी पंचवीस वर्सं हेच करतोय, काय झालंय?"

अरे, पंचवीसच झालीत ना!

मी मागत तरी काय होतो? पत्रा आधी भिजवा. औषध मारायचा पाठीवरचा पंप मीच शेतातनं आणून दिला, पाण्यात भांड्यांचा साबणही घातला. नट खोला, गंजले असतील तर हुक कापा, पण पत्र्याला ग्राइंडर लावू नका. वर चढताना फळी टाका, नुसत्या पत्र्यावर पाय दिला तर थेट खाली. अख्खा पत्रा दोघांनी धरून उतरवा, जाड प्लॅस्टिकात गुंडाळा. खाली केरसुणी मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. एन-९५ मास्क दिले, तर एकानं तो हनुवटीला अडकवून तंबाखू मळायला घेतली.

नेटवर शोधावं तर सगळं अमेरिकेचं. तिकडच्या घरांतली ती दाणेदार, खरबरीत छतं. ॲस्बेस्टॉस घालून तसली छतं फवारायला १९७८ सालीच बंदी आली. युरोपियन युनियनमध्ये २००५ पासून ॲस्बेस्टॉसच बंद. आणि आपल्याकडं नवाकोरा पत्रा आजही दुकानात मिळतो. मिस्त्री मला परत तोच घाला म्हणत होता. स्वस्त पडतो म्हणे!

बरं, काढलेलं टाकायचं कुठं? दोन ऑफिसांत फोन केले. पहिल्यात विचारलं, "ओला की सुका?" दुसऱ्यात म्हणाले, अर्ज द्या, कन्नडमधनं. दिला. (कन्नड येतं मला, राग त्याचा नाही.) पुढं चिडीचूप. मिस्त्रीकडं तोडगा तयारच होता, "रात्री नाल्यात टाकतो की." म्हणजे पावसात बळ्ळारी नाला फुगला की तेच परत आमच्या भातात!

शेवटी मिस्त्रीला घालवला. मी आणि धाकट्या भावानं दोन रविवार घालून सगळे पत्रे उतरवले, गुंडाळून परसात रचले. काल शेजारचे काका कुंपणावरनं बघत उभे.

"अख्खे दिसतात की रे. गोठ्यावर घालायला देतोस?"