राउटरच्या भोकात पिन खुपसण्याआधी

"कॉम्प्युटर राउटरला जोडला जात नाही? मेकॅनिकला पैसे देऊ नका, हे पाच उपाय करा." हा मेसेज आमच्याकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. मी तो वाचून सोडून दिला होता. मग तो दारव्ह्याजवळच्या गावात माझ्या मामांपर्यंत पोचला आणि परीक्षेचा फॉर्म भरायच्या दिवसांत त्यांच्या घरचं नेट तीन दिवस बंद पडलं. म्हणून हे लिहितो आहे.

मेसेजचा पहिला दावा असा, की कॉम्प्युटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ओळखीचा आकडा, १६९ नं सुरू होत असेल तर तुम्ही हॅक झालात. सगळ्यात जास्त घाबरवणारं वाक्य हेच आणि सगळ्यात खोटंही हेच. एरवी राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटतो, बहुतेक ठिकाणी १९२.१६८ नं सुरू होणारा. कॉम्प्युटरनं पत्ता मागितला आणि राउटरकडून उत्तरच आलं नाही, तर तो स्वतःच १६९.२५४ चा एक पत्ता घेऊन बसतो. हे इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफनं मे २००५ मध्ये आरएफसी ३९२७ या दस्तऐवजात लिहून ठेवलं आहे. या पत्त्यावरचं काहीही राउटरनं पुढे पाठवायचं नाही, हेही त्यातच आहे. म्हणजे १६९ दिसतो तेव्हा त्या जोडणीवरून बाहेरचा कोणी आत येणं तर सोडाच, तुमचंच काही बाहेर जात नसतं. तो आकडा एवढंच सांगतो की कॉम्प्युटर आणि राउटर यांच्या मधे कुठेतरी तुटलं आहे.

मामांनी पडद्यावर १६९ पाहिला आणि त्यांच्या पोटात गोळा आला. "अरे, त्याच्यात लिवलं होतं ना, १६९ दिसला म्हणजे हॅक झालं. मंग म्या पिन टोचली," असं ते मला फोनवर म्हणाले.

ही पिन म्हणजे दुसरा उपाय: राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून तीस सेकंद दाबून धरा. नका हो दाबू! ते रीसेटचं बटण आहे. राउटर बंद करून चालू करणं वेगळं, त्यानं काही पुसलं जात नाही. बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि दिवे स्थिर होईपर्यंत दोन मिनिटं वाट बघा. वीज गेल्या-आल्यावर बरेचदा एवढ्यानंच काम भागतं. पण पिन दाबली की राउटरमध्ये भरलेलं सगळं जातं: वायफायचं नाव, पासवर्ड आणि बऱ्याच जोडण्यांमध्ये नेट कंपनीचं यूजरनेम-पासवर्डही. ते पुन्हा भरायला कंपनीचा माणूस लागतो. शहरात तो संध्याकाळपर्यंत येईल. मामांकडे तिसऱ्या दिवशी आला. तोवर पोरीनं एसटीनं दारव्ह्याला जाऊन कॅफेत फॉर्म भरला.

आणि राउटरला काही झालेलंच नव्हतं. पिन टोचेपर्यंत मामींच्या मोबाईलवर त्याच वायफायनं व्हिडिओ चालत होते. ही खूण आधी बघा. मोबाईल वायफायवर चालतो आणि फक्त कॉम्प्युटर चालत नाही, तर राउटर आणि बाहेरची लाईन दोन्ही ठीक आहेत. दोष कॉम्प्युटरमध्ये किंवा मधल्या तारेत आहे. मोबाईल तपासताना त्याचा डेटा बंद ठेवा, नाहीतर सिमचं नेट बघून फसाल. फायबरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लागला असेल, तर बाहेरचीच तार गेली. घरात काहीही करून उपयोग नाही, कंपनीला फोन लावा. मामांकडे लाल दिवा नव्हता. तार जिथे राउटरला लागते तिथला छोटा दिवा मात्र लागत-विझत होता. त्या खोलीत कापूस भरलेला, ढिगामागून तार गेलेली आणि तिला उंदरानं दोन ठिकाणी तांबं दिसेपर्यंत कुरतडलेलं.

तिसरा उपाय फायरवॉल आणि अँटीव्हायरस कायमचे बंद करण्याचा. तपासण्यापुरते दोन मिनिटं बंद केले तर समजू शकतो. कायमचे बंद करणं म्हणजे कवाड काढून ठेवणं.

चौथा, राउटरला चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची फॉईल गुंडाळा. टिनाच्या खोलीत रेंज का मरते हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. धातू लहरी अडवतो, आणि गुंडाळलेला राउटर तापतो तो वेगळाच.

पाचव्या उपायात अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. तारीख-वेळ दुरुस्त करा, असं तो म्हणतो. तारीख चुकली म्हणून घरचा कॉम्प्युटर राउटरला जोडायचा थांबत नाही. पण जोडल्यावर साइट उघडत नाहीत, सुरक्षेचा इशारा येतो, कारण साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि कॉम्प्युटर ती आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. जुन्या डेस्कटॉपमधला नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मामांचाही सेल संपलाच होता, तो बदलला.

तारही नवी टाकली, या वेळी भिंतीवरून, पट्टीत घालून, कापसाच्या ढिगापेक्षा हातभर वर.