जेमी वार्डीने स्वप्नासाठी नोकरीला लाथ मारली नव्हती

फुटबॉलच्या ग्रुपांवर सध्या जेमी वार्डी या इंग्लिश स्ट्रायकरच्या नावाचा एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: पंचविशीपर्यंत हा माणूस कारखान्यात मजूर होता. ना कोच, ना क्लब. पोलिसांनी खोट्या केसमध्ये अडकवून पायाला यंत्र बांधलं, तरी तो थांबला नाही. एक दिवस त्याने नोकरीला लाथ मारली, बूट चढवले आणि वर्षभरात लेस्टर क्लबला इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. गोल्डन बूट (हंगामात सर्वाधिक गोलांचं बक्षीस) जिंकला, जागतिक विक्रम केला. शिक्षण आणि नोकरी भित्र्यांसाठी असतात, मुलांना अडवू नका. पुढे पाठवा.

पुढे पाठवत पाठवत हा मेसेज माझ्या भाच्यापर्यंत पोचला. तो कोल्हापुरात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पेठेतल्या तालमीच्या संघाकडून पुढच्या फळीत खेळतो आणि खरंच चांगला खेळतो. परवा त्याने आईला सांगून टाकलं की आता कॉलेज बास, फक्त फुटबॉल. कारण काय, तर "वार्डीनं सोडलीच की नोकरी." बहिणीचा रात्री रडवेला फोन आला, तेव्हा तो मेसेज मी पहिल्यांदा नीट वाचला. मला वार्डी आवडतो. म्हणूनच त्याच्या नावावर हे खपवलेलं बघून डोकं फिरलं.

आधी ती लाथ बघू, कारण नुकसान तीच करतेय.

वार्डी जानेवारी 1987 चा, शेफील्डचा. शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज या पोलादाच्या गावात स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स नावाचा छोटा क्लब आहे. 2007 च्या सुमारास तो त्यांच्या पहिल्या संघात आला, तेव्हा ते इंग्लिश फुटबॉलच्या वरून आठव्या पायरीवर खेळत होते. मानधन आठवड्याला 30 पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने जेमतेम अडीच हजार रुपये. त्यात कुणाचं घर चालत नाही. म्हणून दिवसा तो वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात कामाला जायचा. ज्यांचं पाऊल चालताना खाली लोंबतं, अशा लोकांसाठी तिथे कार्बन फायबरचे स्प्लिंट बनत. स्वतःच्या आयुष्यावरचं पुस्तक त्याने 2016 साली प्रसिद्ध केलं, आणि त्या कामाबद्दल तो मुलाखतींतही मोकळेपणाने बोललाय. गरम भट्टीत सामान उचलून ठेवायचं, दिवसातून शेकडो वेळा. हे काम करून संध्याकाळी सराव आणि शनिवारी मॅच.

काम सुटलं ते त्या उचलाउचलीने पाठ धरली म्हणून. स्वप्नासाठी राजीनामा तोंडावर फेकला वगैरे काही नाही. आणि निव्वळ फुटबॉलवर जगणं त्याला जमलं ते ऑगस्ट 2011 मध्ये फ्लीटवूड टाउन या क्लबने पूर्णवेळ करारावर घेतल्यावर. तेव्हा तो 24 वर्षांचा होता. म्हणजे आधी गोल, मग करार, मग पोटापुरता पगार. मेसेज लिहिणाऱ्याने ही सगळी रांग उलटी लावली आहे. आधी पगार सोडा, करार आपोआप येईल, हे वार्डीने केलेलं नाही. कुणाला करायला सांगितल्याचंही माझ्या वाचनात नाही.

तो एकटाही नव्हता. इंग्लंडमध्ये त्या पायरीवर ड्रेसिंगरूममधले जवळपास सगळेच दिवसा कामावर असतात: प्लंबर, इलेक्ट्रिशियन, शिक्षक. सराव संध्याकाळी ठेवतात तो त्यासाठीच. स्ट्रायकर रिकी लॅम्बर्टचं उदाहरण घ्या. ब्लॅकपूल क्लबने सोडल्यावर तो बीटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावत होता. मग मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स, साउदॅम्प्टन अशी एकेक पायरी, आणि ऑगस्ट 2013 मध्ये वयाच्या 31 व्या वर्षी इंग्लंडकडून स्कॉटलंडविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये हेडरने विजयी गोल. त्या पोराला झाकणं लावायची लाज वाटली नाही. नोकरी करणाऱ्याला भित्रा म्हणणारा हा मेसेज नेमका अशाच माणसांचा अपमान करतो.

"ना कोच, ना क्लब" हे तर सरळ खोटं आहे. वार्डी शेफील्ड वेन्सडेच्या युवा अकादमीत वाढला. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी अंगाने लहान म्हणून त्याला काढलं, हे खरं. पण तोवर व्यावसायिक क्लबच्या कोचांनी त्याला घडवलं होतं. काढल्यावरही तो रस्त्यावर आला नाही, स्टॉक्सब्रिजच्या युवा संघात गेला. असं एक वर्ष शोधून दाखवा ज्यात मोठ्या वार्डीच्या डोक्यावर कुठलाच क्लब नव्हता.

खोट्या केसबद्दल. 2007 मध्ये एका पबबाहेरच्या मारामारीत हल्ल्याच्या गुन्ह्याबद्दल तो दोषी ठरला. ऐकायचं यंत्र लावणाऱ्या मित्राची कुणी टिंगल केली म्हणून आपण मध्ये पडलो, असं तो सांगतो. ते खरं असेलही, पण कोर्टाने दोषी धरलं आणि त्यानेही कधी खोटी केस म्हणून गळा काढला नाही. सहा महिने घोट्याला इलेक्ट्रॉनिक टॅग आणि संध्याकाळी सहाच्या आत घरात, अशी शिक्षा होती. त्यामुळे बाहेरगावच्या मॅचमध्ये तासभर खेळून त्याला बाहेर यावं लागे. मैदानाबाहेर आईवडील गाडी घेऊन थांबलेले असत आणि तो कुंपण ओलांडून थेट गाडीत बसे. मॅचचा अर्धा तास अजून बाकी आणि संघाचा स्ट्रायकर घरच्या रस्त्याला! ही त्याने निस्तरलेली चूक आहे. तिला हौतात्म्य बनवून सतरा-अठरा वर्षांच्या पोरांपुढे ठेवू नका.

गोल्डन बूट: लेस्टर जिंकलं त्या 2015-16 च्या हंगामात तो हॅरी केनला मिळाला, 25 गोल. वार्डी आणि मँचेस्टर सिटीचा अग्वेरो 24 वर. वार्डीला तो मिळाला 2019-20 मध्ये, 23 गोलांवर, वयाच्या 33 व्या वर्षी. मला विचाराल तर ही त्याहून मोठी गोष्ट आहे, कारण इतक्या वयात प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वात वरच्या श्रेणीचा, गोल्डन बूट त्याच्याआधी कुणी जिंकलेला नव्हता. मेसेजवाल्याला ती माहीतही नाही.

जागतिक विक्रम: लागोपाठ 11 मॅचमध्ये गोल हा प्रीमियर लीगचा विक्रम आहे. त्याने मँचेस्टर युनायटेडच्या व्हॅन निस्टेलरॉयचा 10 चा विक्रम मोडला, तोही युनायटेडविरुद्धच. पण प्रीमियर लीग नव्हती तेव्हा, इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत जिमी डनने 1931-32 मध्ये शेफील्ड युनायटेडकडून लागोपाठ 12 मॅचमध्ये गोल केले होते. जगाचं सोडा, हा शेफील्ड शहराचाही विक्रम नाही.

आता "वर्षभरात". 2009 मध्ये स्टॉक्सब्रिज एक पायरी वर चढलं. 2010 मध्ये हॅलिफॅक्स क्लबचे मॅनेजर नील अॅस्पिन यांनी त्याला घेतलं, किंमत पंधरा-सोळा हजार पौंडांच्या घरात. तिथे पहिल्याच हंगामात संघ लीग जिंकला. मग दीड लाख पौंडांना फ्लीटवूड, पाचवी पायरी. तिथे एका हंगामात लीगचे 31 गोल आणि संघ विजेता. त्याच हंगामात, जानेवारी 2012 मध्ये, एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत फ्लीटवूड ब्लॅकपूलकडून 5-1 असं हरलं, पण तो एक गोल वार्डीचा होता. पाचव्या पायरीवरचा खेळाडू मोठ्या क्लबांच्या नजरेत भरतो तो अशा मॅचमधून. मे 2012 मध्ये लेस्टरने त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले. नॉन-लीगमधल्या, म्हणजे वरच्या चार श्रेणींखालच्या, खेळाडूला इतकी किंमत तोवर कुणी दिली नव्हती.

आणि लेस्टरला जाऊन पहिल्या हंगामात काय केलं? लीगच्या 26 मॅचमध्ये 4 गोल. प्रीमियर लीगमध्येही नाही, तिच्या खालच्या चॅम्पियनशिपमध्ये. पैसे पाण्यात गेले म्हणून प्रेक्षक वैतागले. पगार वाढला तसं पिणंही वाढलं होतं, हे त्याने स्वतःच सांगितलंय. आपली ही पातळी नाही असं वाटून तो परत जायच्या विचारात होता. मॅनेजर नायजेल पिअर्सन आणि त्यांचे सहकारी क्रेग शेक्सपिअर यांनी बसवून समजावलं की तुझी पातळी हीच आहे, थांब. पुढच्या हंगामात लीगचे 16 गोल आले आणि लेस्टर प्रीमियर लीगमध्ये पोचलं. तिथल्या पहिल्या वर्षी पुन्हा फक्त 5 गोल. विजेतेपद त्यानंतरचं, मे 2016 चं. पहिल्या संघात आल्यापासून नऊ वर्षं झाली! एवढ्या वर्षांचं "एक दिवस" करून टाकताना मेसेज लिहिणाऱ्याने ती दोन माणसंही पुसली, ज्यांच्याशिवाय वार्डी 2013 मध्येच मागे फिरला असता.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, जिवावर आली तरी. मोठ्या क्लबांच्या अकादम्या अंगकाठी बघून पोरं काढून टाकतात आणि त्यात कधीकधी सोनं फेकलं जातं. वार्डी हे त्याचंच उदाहरण. उशिरा वाढणाऱ्या मुलाला दुसरी संधी मिळाली पाहिजे, हा मेसेजमधला एवढाच भाग खरा आहे. पण ती संधी इंग्लंडमध्ये मिळते कशामुळे? वरच्या चार श्रेणींत 92 क्लब आहेत आणि त्याखाली आणखी कित्येक पायऱ्या, सगळ्या बढती आणि घसरणीने एकमेकींना जोडलेल्या. आठव्या पायरीवर गोल केले तर सातवीवरचा मॅनेजर बघायला येतो, सातवीवर केले तर पाचवीवरचा. वार्डीच्या जिद्दीला ही शिडी मिळाली. आपल्याकडे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर हंगामभर गोल केलेल्या पोराला वरची पायरी कुठली, याचं उत्तर त्या मेसेजमध्ये आहे का?

आणि ही शिडी असूनही बहुतेकांचं काय होतं ते बघा. 30 मे 2016. लेस्टरने चषक उचलला तोच महिना. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर चौथ्या श्रेणीची प्ले-ऑफ, म्हणजे बढती ठरवणारी, फायनल, एएफसी विम्बल्डन विरुद्ध प्लिमथ. विम्बल्डनच्या अदेबायो अकिनफेन्वाने भरपाईच्या वेळात पेनल्टी मारून 2-0 केलं आणि क्लबला वरच्या श्रेणीत नेलं. मॅच संपली तशी त्याने मैदानावरूनच टीव्हीवर सांगितलं की माझा करार संपलाय, मी आता तसा बेरोजगार आहे, कुणा मॅनेजरला हवा असेन तर व्हॉट्सअॅप करा. हसत सांगितलं, पण गोष्ट खरी होती. वेम्बलीवर गोल करणाऱ्या 34 वर्षांच्या स्ट्रायकरकडे पुढच्या महिन्याचा पगार नव्हता. मग वायकम क्लबने घेतलं, तिथे सहा वर्षं खेळून तो 2022 मध्ये चाळिशीत निवृत्त झाला. दोनशेच्या वर गोल, आणि प्रीमियर लीगची एकही मॅच नाही. खालच्या श्रेणीतल्या स्ट्रायकरची यशस्वी कारकीर्द म्हणतात ती ही. एकदोन वर्षांचे करार, दर उन्हाळ्यात नवा क्लब शोधायचा, पोरांच्या शाळा बदलायच्या. तरी नाव अत्यंत आदराने घ्यावं असा तो खेळाडू आहे. त्याच्या नावाने मेसेज फिरत नाहीत, कारण त्यात चमत्कार नाही.

राहता राहिलं "मुलांना अडवू नका". वार्डीने स्वतः काय केलं ते सांगतो. विजेतेपदानंतर त्याने व्ही9 नावाची अकादमी काढली, खास नॉन-लीगमध्ये खेळणाऱ्यांसाठी. त्यात नोकरी सोडून या असं कुणाला सांगितलं नव्हतं. जे आधीच कुठल्या तरी छोट्या क्लबाकडून खेळत होते त्यांच्यातून खेळाडू निवडले आणि 2017 च्या उन्हाळ्यात मँचेस्टरला आठवडाभर चांगले कोच देऊन मोठ्या क्लबांच्या स्काउटांपुढे (खेळाडू हेरणाऱ्यांपुढे) खेळवलं. त्या तुकडीतला टॅमवर्थचा स्ट्रायकर डॅनी न्यूटन याला स्टीव्हनेजने, म्हणजे तेव्हा चौथ्या पायरीवर असलेल्या क्लबने, करार दिला. आणखी काही जणांनाही मिळाले. बाकीचे आपापल्या जुन्या क्लबांकडे परत गेले आणि पुढच्या हंगामाच्या सरावाला लागले.