न्यूट्रॉन म्हणजे प्रोटॉनला चिकटलेला इलेक्ट्रॉन नाही
चेंबूरला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बारावीच्या पोरांसाठी म्हणून एक फॉरवर्ड फिरतोय आणि परवा तोच भाच्याच्या क्लासच्या ग्रुपवर पण आला. म्हणणं असं की न्यूट्रॉन हा वेगळा कण नाहीच, प्रोटॉनला इलेक्ट्रॉन चिकटला की प्लस-मायनस कटतात आणि झाला न्यूट्रॉन. पुरावा काय तर न्यूट्रॉन फुटला की हेच दोघं बाहेर येतात, आणि अणूचं केंद्रक शोधणारा रदरफर्डच तसं म्हणाला होता.

रदरफर्ड म्हणाला होता हे खरंय. पण १९२० साली, तेव्हा न्यूट्रॉन कुणी बघितलाही नव्हता. १९३२ ला चॅडविक या शास्त्रज्ञाने शोधला, त्यालाही आधी तसंच वाटत होतं, मग त्याने आणि सहकारी गोल्डहाबरने वजन नीट काढलं आणि ते मत सोडावं लागलं.

वजनाचं गणित पोरांनी स्वतः करून बघा. प्रोटॉन ९३८.२७ एमईव्ही (कणांचं वजन सांगायचं एकक), इलेक्ट्रॉन ०.५१, बेरीज ९३८.७८. न्यूट्रॉन भरतो ९३९.५७. दोन कण एकत्र बांधले गेले की ऊर्जा बाहेर जाते आणि वजन थोडं घटतं, वाढत नाही, आणि इथे तर जोडी सुट्या कणांपेक्षा जड निघतेय, मग ती जोडी कसली?

नायट्रोजन-१४ ची गोष्ट तर अजून जुनी. फॉरवर्डप्रमाणे प्रत्येक न्यूट्रॉन म्हणजे प्रोटॉन-इलेक्ट्रॉनची जोडी, मग त्याच्या केंद्रकात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन हवेत, म्हणजे २१ कण, प्रत्येकाचा स्पिन (कणाचा स्वतःभोवती फिरण्यासारखा एक अंगचा गुण) अर्धा, आणि विषम संख्येने अर्धे मिळवले की पूर्णांक येऊच शकत नाही. मोजलेला स्पिन आहे १. सात प्रोटॉन, सात न्यूट्रॉन धरा, म्हणजे सम संख्येने १४ कण, लगेच जुळतं.

आता तो 'पुरावा', कारण सगळे इथेच फसतात. सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधराएक मिनिटांत फुटतो, इलेक्ट्रॉन बाहेर येतो, बरोबर. पण सोबत अँटीन्यूट्रिनो नावाचा चार्ज नसलेला अगदी हलका कण पण येतो, तो फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. आणि बाहेर आला म्हणजे आत बसला होता असं नसतं हो, टाळी वाजवली तर आवाज काय आधीपासून हातात भरलेला असतो का? इलेक्ट्रॉन त्या क्षणी तयार होतो. परळला पेट स्कॅनच्या आधी पेशंटला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ टोचतात ना, त्यात उलटं होतं, केंद्रकातला प्रोटॉन न्यूट्रॉन बनतो आणि पॉझिट्रॉन, म्हणजे प्लस चार्जवाला इलेक्ट्रॉनचा जोडीदार, बाहेर पडतो. मग याच न्यायाने प्रोटॉन म्हणजे न्यूट्रॉन अधिक पॉझिट्रॉन म्हणायचं का? दोघं एकमेकांच्या पोटात एकाच वेळी कसे असतील?

खरं तर प्रोटॉन-न्यूट्रॉन दोघांच्याही आत क्वार्क नावाचे आणखी लहान कण आहेत, अप आणि डाऊन अशा दोन प्रकारचे. प्रोटॉनमध्ये दोन अप एक डाऊन, न्यूट्रॉनमध्ये एक अप दोन डाऊन, आणि न्यूट्रॉन फुटतो तेव्हा एका डाऊनचा अप होतो. अपचा चार्ज अधिक २/३, डाऊनचा उणे १/३, बेरीज शून्य येते ती अशी, त्यात इलेक्ट्रॉन कुठेच लागत नाही. भाच्याने वहीतली ती ओळ खोडलीये, ज्यांच्या वहीत अजून असेल त्यांनी पण परीक्षेआधी खोडा प्लीज.